हेडफोनची निवड खोक्यावरच्या आकड्यांवरून नको

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर हेडफोनविषयी वेळोवेळी जे लेखन येते ते मी आवडीने वाचतो; मात्र घरी बसून संगीत ऐकणारा आणि त्याच खुर्चीत बसून गेम खेळणारा वाचक त्यात जवळजवळ दिसतच नाही. परीक्षणे बहुधा प्रवासात वापरायच्या हेडफोनची असतात, आणि गेमिंग हेडसेटचा विषय निघालाच तर ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज निर्माण करणारा भाग) ५० मिलिमीटरचा, वारंवारिता २० ते २०,००० हर्ट्झ, ध्वनी ७.१ असे खोक्यावर छापलेले आकडे जसेच्या तसे उतरवून त्यावरून शिफारस केली जाते. पूर्ण कान झाकणारा हेडफोन या आकड्यांवरून निवडता येत नाही. संगीत आणि गेम या दोन्हींसाठी घरात एकच हेडफोन घ्यायचा असेल, तर ‘गेमिंग’ हे विशेषण न लावलेला, तारेचा, साधा स्टिरिओ हेडफोन आणि जोडीला वेगळा माईक हीच निवड बहुतेकांना अधिक मानवते, असे माझे मत आहे. ते सकारण मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो.

घरात ऐकणाऱ्याच्या गरजा प्रवाशाच्या गरजांहून फार वेगळ्या असतात. विमानाच्या किंवा रेल्वेच्या एकसुरी घरघरीवर नॉइज कॅन्सलिंग उत्तम चालते, कारण सतत एकसारखा येणारा खालच्या पट्टीतला आवाज उलट लहरीने पुसून टाकणे त्या यंत्रणेला सोपे जाते. शेजारच्या खोलीतले बोलणे, दाराची बेल, भांड्यांचा खणखणाट यांच्यापुढे तेच तंत्र बरेच दुबळे पडते, आणि घरात व्यत्यय येतो तो नेमका अशाच आवाजांचा. घडी घालता येणे, बाळगायला डबी असणे, एका चार्जिंगवर दिवसचे दिवस चालणे या सोयीही टेबलापाशी बसणाऱ्याच्या फारशा कामाच्या नाहीत. बॅटरीचे तर उलटेच आहे. ती काही वर्षांत क्षीण होते, अनेक हेडफोनांत ती सहजासहजी बदलता येत नाही, आणि ड्रायव्हर ठणठणीत असतानाही अख्खी वस्तू निकालात निघते. सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ साली आला, सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंमध्ये वापरात आहे, आणि दोन्ही इतक्या वर्षांनंतरही लोक वापरत आहेत. त्यांत बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही आणि झिजणारे पॅड बदलता येतात, हे त्यामागचे एक साधे कारण आहे.

निवडीची सुरुवात कंपनीच्या नावापासून न करता खोलीपासून करावी. क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये ड्रायव्हरची मागची बाजू बंद वाटीत असते. ओपन-बॅकमध्ये तिथे जाळी असते आणि आवाज मागेही मोकळा सुटतो. १९६८ साली सेनहायझरने काढलेला एचडी ४१४ हा या मोकळ्या पद्धतीचा पहिला हेडफोन मानला जातो, आणि तेव्हापासून घरी निवांत ऐकणाऱ्यांचा ओढा बऱ्याच अंशी याच प्रकाराकडे राहिला आहे. त्याचे कारण कानाला लगेच कळते. बंद वाटीत मागे गेलेला आवाज आदळून परत येतो आणि तो आवरण्यासाठी कंपनीला बरीच खटपट करावी लागते. जाळीतून तो निघूनच गेला तर वाद्ये डोक्याच्या आत कोंडल्यासारखी वाटत नाहीत, थोडी बाहेर, थोडी दूर मांडल्यासारखी वाटतात. कानाभोवती हवा खेळती राहते, त्यामुळे दोन-तीन तासांच्या खेळानंतरही घाम येत नाही. मित्रांशी बोलताना स्वतःचा आवाजही नैसर्गिक ऐकू येतो. बंद हेडफोनमध्ये तो डोक्यात घुमतो आणि माणूस नकळत ओरडून बोलू लागतो.

या मोकळेपणाची किंमत मात्र घरातल्या इतरांना चुकवावी लागते. ओपन-बॅक हेडफोन लावून ऐकत असलेले गाणे शेजारी बसलेल्याला शब्दांसकट ऐकू येते, आणि बाहेर सुरू असलेला पंखा किंवा टीव्ही आपल्याला जवळजवळ तसाच ऐकू येतो. एकाच खोलीत कोणी झोपत असेल, अभ्यास करत असेल, किंवा खोलीच मुळात गोंगाटाची असेल, तर बंद प्रकार घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हे याच प्रकारातले, वर्षानुवर्षे वापरले गेलेले नमुने आहेत. खोली स्वतःची आणि शांत असेल तर मी निःसंकोच ओपन-बॅक सुचवेन. एक अपेक्षा मात्र आधीच सोडावी लागते. बहुतेक ओपन-बॅक हेडफोनांत अगदी तळाचा खर्ज हळूहळू उतरत जातो, त्यामुळे ज्याला स्फोट छातीत जाणवायला हवे आहेत किंवा ज्याचे संगीत मुख्यतः इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर उभे आहे, त्याची निराशा होऊ शकते. गळ्याचे गाणे, तंतुवाद्ये, तबला ऐकणाऱ्याला ही उणीव क्वचितच जाणवते. डग्ग्याचा घुमारा पुरेसा येतो आणि तानपुऱ्याची झार अधिक स्पष्ट येते.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. २० ते २०,००० हर्ट्झ हा तरुण, निरोगी कानाच्या श्रवणकक्षेचा ढोबळ आकडा आहे, आणि वय वाढते तशी त्याची वरची मर्यादा खाली येत जाते. जवळजवळ प्रत्येक हेडफोनवर हाच आकडा किंवा याहून मोठा आकडा छापलेला असतो. त्या कक्षेत कोणता स्वर किती उठून येतो आणि कोणता दबतो, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ‘हाय-रेझ’च्या सोनेरी शिक्क्यासाठी ४०,००० हर्ट्झपर्यंत पोहोचण्याची अट आहे, म्हणजे माणसाच्या कानाच्या दुप्पट, वटवाघळांची सोय झाली, एवढेच म्हणता येईल. ड्रायव्हरचा व्यासही तसाच. ४० मिलिमीटरचा चांगला ड्रायव्हर ५० मिलिमीटरच्या सुमार ड्रायव्हरपेक्षा केव्हाही उजवा ठरतो. किमतीवर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या नियतकालिकात २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोन मोजून त्यांचा वारंवारिता-प्रतिसाद (कोणता स्वर किती जोरात वाजतो) आणि विक्रीची किंमत यांची सांगड घालण्याचा प्रयत्न झाला होता, आणि त्या दोहोंत काहीही संबंध आढळला नव्हता.

मग विश्वास कशावर ठेवावा? वारंवारिता-प्रतिसादाचा स्वतंत्रपणे मोजलेला आलेख मिळत असेल तर तो पहावा. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात श्रोत्यांवर ज्या चाचण्या घेतल्या, त्यांतून असे दिसले की चांगले स्पीकर चांगल्या खोलीत जसे ऐकू येतात तसा तोल असलेला, म्हणजे खर्ज किंचित उचललेला आणि वरचे स्वर हळूहळू उतरत गेलेले, हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना पसंत पडतात. हा आलेख म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पण एखादा हेडफोन त्याच्यापासून फार दूर गेला असेल, तर कुठे आणि किती, हे कळते. दुसरा आधार स्वतःच्या कानांचा. दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण जो थोडासा मोठा वाजतो तोच आपल्याला अधिक चांगला वाटतो, आणि अशा फसगतीला एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरकही पुरतो. ऐकायला ओळखीचा मानवी आवाज लावावा. वाद्य कसे वाजायला हवे याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण ज्या गायकाला आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो त्याचा आवाज नाकात गेला, घशात अडकला किंवा ‘स’ कानाला टोचू लागला, तर ते कोणालाही ओळखता येते. नवा हेडफोन कित्येक तास वाजवत ठेवल्यावर ‘खुलतो’ ही समजूत फार मनावर घेऊ नये. मऊ पडतात ते पॅड, आणि सवय होते ती आपल्या कानांना.

गेमसाठी वेगळा हेडफोन लागतो, हा समज मुख्यतः दिशेच्या मुद्द्यावर उभा आहे. पाऊल मागून वाजले की डावीकडून, वरच्या मजल्यावर की खाली, हे कळले पाहिजे, आणि त्यासाठी ७.१ म्हणजे आठ वाहिन्यांचा ध्वनी हवा, असे जाहिरात सांगते. वस्तुतः माणसाला कान दोनच आहेत आणि त्या दोन कानांवर येणाऱ्या आवाजातल्या फरकावरूनच मेंदू दिशा ओळखतो. अगदी बाजूने आलेला आवाज एका कानापेक्षा दुसऱ्या कानाला साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. उंच स्वर डोक्याच्या आड अडून पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतात. वेळेचा फरक खालच्या स्वरांत आणि तीव्रतेचा फरक वरच्या स्वरांत उपयोगी पडतो, ही मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच केली होती. पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे ओळखायला मात्र कानाच्या पाळीची वळणे कामी येतात. प्रत्येक दिशेने आलेला आवाज त्या वळणांतून जाताना थोडा वेगळा रंगतो. हे सगळे बदल गणिताने आधीच घडवून दोन वाहिन्यांत भरता येतात. कोणत्याही स्टिरिओ हेडफोनवर तो परिणाम मिळतो. विंडोजमध्ये २०१७ पासून विंडोज सॉनिक नावाने ही सोय आहे, २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये टेम्पेस्ट ही यंत्रणा आहे, आणि अनेक गेमच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ती स्वतंत्रपणे दिलेली असते. हेडसेटवर लिहिलेले ७.१ हेही बहुधा असेच सॉफ्टवेअर असते, आणि पुष्कळदा गेमच्या स्वतःच्या यंत्रणेपेक्षा कच्चे असते, कारण गेमला आवाजाची नेमकी जागा माहीत असते, तर हेडसेटच्या सॉफ्टवेअरला फक्त आयते मिसळलेले आवाज मिळतात.

नेहमी आढळणारा एक घोटाळा इथे नोंदवतो, कारण परीक्षणांत त्याचा उल्लेख कधी दिसत नाही. गेममध्ये ‘हेडफोन’ किंवा ‘३डी ऑडिओ’ हा पर्याय चालू असतो, विंडोजमध्ये सॉनिक चालू असते, आणि वर हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये ७.१ चे बटणही दाबलेले असते. म्हणजे एकदा रंगवलेल्या आवाजावर आणखी दोन हात फिरतात. लांब बोळात उभे राहून मित्राला गेममध्ये आपल्याभोवती एक फेरी मारायला सांगावे: तो उजवीकडून निघतो तोवर ठीक असते, पाठीमागे गेला की पावले एकदम दोन्ही कानांत पसरतात, त्यांना न्हाणीघरातल्यासारखा घुमारा येतो, आणि डाव्या कानाशी ती पुन्हा कधी प्रकटली हे सांगता येत नाही. आता गेममधला पर्याय तेवढा ठेवून बाकीचे दोन्ही बंद करावेत आणि तीच फेरी पुन्हा मारायला सांगावे. पावलांची जागा बोट दाखवता येईल इतकी नेमकी होते, आणि त्यासाठी नवे काहीही विकत घ्यावे लागत नाही. हेडफोन दिशा दाखवत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांना हेडफोन बदलण्याची गरज नसून हे एक सेटिंग तपासण्याची गरज असते, असा माझा अनुभव आहे.

खर्ज फुगवलेला हेडसेट गेमला योग्य, या समजुतीबद्दलही असेच म्हणता येईल. खालचे जोरदार स्वर त्यांच्या वरच्या मंद स्वरांना झाकून टाकतात, हा श्रवणाचा जुना, नीट अभ्यासलेला गुणधर्म आहे. पावलांची खसखस, बंदूक भरल्याची टकटक, दाराची करकर हे सगळे मध्य आणि तार पट्टीतले बारीक आवाज असतात. गडगडाट वाढवला की नेमके तेच बुडतात. त्यामुळे जो हेडफोन गायकाचा आवाज स्वच्छ देतो, तोच गेममध्येही उपयोगी पडतो, आणि दोन वेगळ्या वस्तू घेण्याचे कारण उरत नाही. ज्यांना गोष्टीप्रधान गेममध्ये धडाड हवाच असेल त्यांनी इक्वलायझर वापरावा. संगणकावर इक्वलायझर एपीओसारखे मोफत सॉफ्टवेअर मिळते. संगीताला एक मांडणी, गेमला दुसरी, अशी विभागणी करता येते. बऱ्याच गेममध्ये ‘नाईट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ या नावाचा पर्यायही असतो. तो स्फोट दाबतो आणि पावले उचलतो, आणि तो रात्रीपुरताच वापरावा असे काही नाही.

तारेचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो. साध्या ब्लूटूथवर आवाज पोहोचायला बहुधा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ चित्रे. पडद्यावर गोळी सुटून गेलेली असते आणि आवाज मागाहून येतो. चित्रपट दाखवणारी ॲप चित्र थोडे थांबवून हा फरक लपवू शकतात; गेमला ती सवलत नाही, कारण पुढचे चित्र आपल्या बोटांवर अवलंबून असते. दुसरी अडचण माईकची. ब्लूटूथ हेडसेटचा माईक सुरू झाला की जुन्या पद्धतीत जोडणी ‘हँड्स-फ्री’ प्रकारात जाते, आणि ऐकू येणारा आवाजही त्याच क्षणी फोनसारखा चपटा आणि मोनो होतो. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत ही अडचण सोडवते, पण त्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणे नवी असावी लागतात. प्लेस्टेशन ५ ब्लूटूथ हेडफोन थेट स्वीकारतच नाही. निन्टेन्डो स्विचला २०२१ च्या अपडेटने ती सोय मिळाली, पण ब्लूटूथचा माईक त्यावर चालत नाही. तार नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या स्वतंत्र डोंगलवर (यूएसबीच्या खाचेत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणारा हेडसेट घ्यावा. त्याचा विलंब बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मात्र डोंगल आपल्या यंत्राला चालतो का, हे आधी पाहावे. तारेच्या हेडफोनला हा प्रश्न नसतो, कारण प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरला आणि एक्सबॉक्सच्या अलीकडच्या कंट्रोलरलाही ३.५ मिलिमीटरची खाच असते.

माईकबाबत थोडक्यात सांगतो. माईक किती भारी आहे यापेक्षा तो ओठांपासून किती जवळ आहे, याला जास्त महत्त्व आहे. तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन बोटे अंतरावर, श्वासाच्या झोतातून जरा बाजूला ठेवलेला साधा माईक टेबलावर दूर ठेवलेल्या महागड्या माईकपेक्षा स्वच्छ ऐकू येतो. हेडफोनच्या वाटीवर चुंबकाने किंवा चिकटपट्टीने लावायचे, दांडीचे माईक स्वतंत्र मिळतात, आणि तार निघणाऱ्या काही हेडफोनांना माईक असलेली तारही बसते. ओपन-बॅक वापरणाऱ्याने, मित्रांना त्यांचाच आवाज आपल्या माईकमधून परत ऐकू तर येत नाही ना, एवढे एकदा विचारून घ्यावे.

ओहमच्या, म्हणजे विद्युत अवरोधाच्या, आकड्याने पुष्कळ जण बिचकतात. डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. एचडी ६०० तर ३०० ओहमचा आहे. ओहम जास्त असला की पुरेसा मोठा आवाज मिळवायला व्होल्टेज जास्त लागते, आणि फोनचे किंवा कंट्रोलरचे ते कधीकधी अपुरे पडते. पण केवळ ओहमवरून अंदाज बांधणे बरोबर नाही; किती विजेवर किती डेसिबल मिळतात, म्हणजे हेडफोनची संवेदनशीलता किती, हेही पाहावे लागते. कंट्रोलर, फोन आणि संगणक या सर्वांना एकच हेडफोन लावायचा असेल तर साधारण ८० ओहमच्या आतला, संवेदनशील हेडफोन घ्यावा आणि अॅम्प्लिफायरचा विचार तूर्त सोडून द्यावा. अॅम्प्लिफायर घ्यावाच लागला तर त्याच्या आउटपुटचा ओहम हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. त्यापलीकडे सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना आणि वेणी घातलेल्या तारा यांच्यावर खर्च करण्यापेक्षा जादा पॅडची एक जोडी घेऊन ठेवावी.

ज्या गोष्टीने हेडफोन शेवटी वापरात राहतो किंवा कपाटात जातो, ती गोष्ट परीक्षणांत एका ओळीत उरकली जाते. ती म्हणजे डोक्यावर बसणे. डीटी ७७० प्रो किंवा एचडी ६०० चे वजन २६० ते २७० ग्रॅमच्या आसपास आहे. प्लेनर प्रकारचे (सपाट, पातळ पडद्याचा ड्रायव्हर असलेले) आणि दिव्यांनी सजवलेले अनेक हेडफोन ३५० ग्रॅमच्या पुढे जातात, आणि तो फरक पहिल्या गाण्याला कळत नाही, दुसऱ्या तासाला टाळूवर कळतो. (घालणाऱ्याला स्वतःला कधीच न दिसणारे दिवे कानाबाहेर का लावतात, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही.) पॅडच्या आतली खोली त्याहून महत्त्वाची. कान पॅडच्या आत पूर्ण मावला तरी त्याचा वरचा कडा आतल्या कापडाला टेकत असेल, तर अर्ध्या तासात तिथे दुखू लागते आणि मग हेडफोन सारखा वर-खाली सरकवावा लागतो. चष्मा लावणाऱ्यांनी आपला रोजचा चष्मा घालूनच तपासावे. काडी जिथे पॅडखाली शिरते तिथे फट पडते, आणि बंद हेडफोनमध्ये त्या फटीतून सर्वांत आधी खर्ज निघून जातो. हाताच्या तळव्यांनी दोन्ही वाट्या हलकेच दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला, तर आपल्याला तो हेडफोन बसत नाही असे समजावे. मखमली पॅड काडीभोवती बरे बसतात आणि गरम होत नाहीत. कृत्रिम चामड्याचे पॅड बाहेरचा आवाज अधिक अडवतात, पण काही काळाने त्यांचा वरचा थर सुटतो आणि गालावर, कॉलरवर काळे कण दिसू लागतात. पॅड दबले की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाजही बदलतो, म्हणून ते सुटे मिळतात की नाही, हे घेण्याआधी पाहावे. परत करण्याची मुदत असेल तर त्या मुदतीत एक संपूर्ण संध्याकाळ तो हेडफोन डोक्यावर ठेवून काढावी.

आवाजाच्या पातळीबद्दलही लिहायला हवे, कारण संगीत आणि गेम एकाच हेडफोनवर आले की कानांचे तास दुप्पट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ साली जे मानक केले, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा धरली आहे, तर मुलांसाठी ती ७५ डेसिबलवर ४० तास आहे. दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८३ डेसिबलवर २० तास, ८६ वर १० तास आणि ८९ वर अवघे ५ तास उरतात. रोज गाणी ऐकणाऱ्याची आणि सुट्टीच्या दिवशी सलग खेळणाऱ्याची ही शिधा लवकर संपते. घरी डेसिबल मोजणे अवघड असते, पण एक सोपा पडताळा आहे. रात्री खेळ संपवताना आवाजाची खूण तशीच ठेवावी आणि सकाळी कान ताजे असताना त्याच खुणेवर गाणे लावावे. दचकायला झाले तर रात्रीची पातळी जास्त होती. गोंगाटाच्या खोलीत ओपन-बॅक घेऊ नये असे मी वर म्हटले, त्याचे हेही एक कारण आहे, कारण बाहेरच्या आवाजावर मात करण्यासाठी हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो.

आपल्या पानाला माझी विनंती मर्यादित आहे. घरगुती वापराच्या हेडफोनचे परीक्षण छापताना तार सोडून वजन किती, पॅडच्या आतली लांबी, रुंदी व खोली किती मिलिमीटर, चष्म्यासह किती वेळ घातला, पॅड आणि तार सुटे मिळतात का, गेममध्ये दिशेची कोणती सेटिंग चालू ठेवून ऐकले, आणि तुलना केली असल्यास दोन्हींचा आवाज सारखा केला होता का, एवढे तपशील द्यावेत. ड्रायव्हरचा व्यास आणि २० ते २०,००० हर्ट्झ या ओळी गाळल्या तर त्यासाठी जागाही होईल. यातले पहिले दोन तपशील मिळवायला वजनकाटा आणि पट्टी यांखेरीज काही लागत नाही.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक